खाटेवरून ओट्यावर, ओट्यावरून खांबापर्यंत : फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उपचारात व्यायाम कसा सुरू करावा

फिजिओथेरपीच्या खोलीत येणारं असं कुटुंब मला दारातूनच कळतं. मुलाच्या हातात स्कॅनची मोठी पिशवी, सुनेच्या हातात पाण्याची बाटली आणि मधे व्हीलचेअरवर तो माणूस, जो महिन्याभरापूर्वी स्वतःच्या पायांनी एसटीत चढला होता. मी म्हणते, "चला, उभं राहून बघू." लगेच मागून आईचा आवाज येतो, "पडू द्या ना त्याले, दम लागस."

त्या आईची माया मला कळते. पण हा लेख मी त्या वाक्यासाठीच लिहिते आहे, कारण आमच्याच घरात ते वाक्य मी खपवून घेतलं होतं. माझ्या काकांना, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, फुप्फुसाचा कर्करोग झाला तेव्हा मी नुकतीच शिकून बाहेर पडले होते. पहिल्या केमोनंतर घरच्यांनी त्यांना खाटेवरून उठू दिलं नाही. ताट खाटेवर, पाणी खाटेवर, दाढीसुद्धा खाटेवर. मी लहान, बोलले नाही. तीन आठवड्यांनी मोरीपर्यंत जायला त्यांना भिंत धरावी लागली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली, पण आप्पांच्या मांड्या त्याहून जास्त लहान झाल्या होत्या.

दम का लागतो, आणि पडून राहिल्याने तो का वाढतो

आधी हे समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. दम लागण्यात फुप्फुसाचा वाटा असतोच. गाठ असते, कधी छातीत पाणी असतं, बिडी ओढलेल्या माणसाची श्वासनळी आधीच आखडलेली असते. पण दुसरा वाटा पायांचा असतो. कमजोर झालेला स्नायू तेवढंच काम करायला जास्त ऑक्सिजन मागतो, मग छाती भात्यासारखी चालायला लागते. दम लागला म्हणून माणूस बसतो, बसला की स्नायू आणखी झिजतो, आणि पुढच्या वेळी कमी अंतरात दम लागतो. धडधाकट वयस्कर माणसालासुद्धा १० दिवस खाटेवर ठेवलं, तर पायांतला जवळजवळ १ किलो स्नायू जातो. इथे तर माणूस आजारी आहे आणि त्याची भूकही मेलेली आहे.

आपल्या खानदेशात मी हे ठिबकाच्या उदाहरणाने सांगते. विहिरीचं पाणी कमी झालं म्हणून रावेर-यावलच्या शेतकऱ्याने केळी सोडून दिली नाही. त्याने ठिबक टाकलं आणि थोड्या पाण्यात बाग उभी ठेवली. व्यायामाने विहीर मोठी होत नाही. गेलेलं फुप्फुस परत येत नाही आणि गाठही विरघळत नाही. पण स्नायूला थोड्या ऑक्सिजनमध्ये काम करण्याची सवय लागते. पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुप्फुसाचं पुनर्वसन, ते हेच. साधारण ६ ते १२ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. त्यात चालणं, ताकदीचा व्यायाम, श्वासाचं तंत्र, आहार आणि मनाचा आधार हे सगळं एकत्र बसवलेलं असतं.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचं

"व्यायाम केला तर चालेल का?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं, "झेपेल तेवढं करा." म्हणून नेमके प्रश्न कागदावर लिहून न्या. आजार हाडात, विशेषतः मणक्यात किंवा मांडीच्या हाडात आहे का? असेल तर वाकणं, पिळणं आणि वजन उचलणं बंद. चालणं बहुतेक वेळा सुरू ठेवता येतं, पण ते डॉक्टरांनी सांगायला हवं. छातीत किंवा हृदयाभोवती पाणी आहे का? हृदयाचा जुना त्रास आहे, त्याचं काय? रक्ताच्या शेवटच्या तपासणीत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, किती आहेत? चालताना ऑक्सिजनचा आकडा कितीच्या खाली जाऊ द्यायचा नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच मागा. बहुतेक ठिकाणी चालताना ८८ टक्क्यांच्या खाली गेलं की थांबा असं सांगतात. दमा किंवा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आखडण्याचा आजार, जुना असेल तर तुमचा आकडा वेगळा असू शकतो. आणि पंप, म्हणजे इन्हेलर, चालू असेल तर व्यायामाच्या १५-२० मिनिटं आधी घ्यायचा का, तेही विचारून घ्या. पुष्कळ जण पंप फक्त जीव घाबरा झाल्यावर घेतात, आणि मग व्यायामच सोडून देतात.

आज तुम्ही कुठे आहात, ते मोजा

दवाखान्यात ६ मिनिटं चालण्याची चाचणी करतात. ३० मीटरच्या सपाट पट्ट्यावर रुग्ण आपल्या वेगाने येरझाऱ्या घालतो, लागलं तर थांबतो, आणि ६ मिनिटांत किती मीटर झाले ते लिहितात. आधी आणि नंतर ऑक्सिजन, नाडी आणि दम किती लागला ते बघतात. ही चाचणी पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोरच करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या छातीविकार किंवा फिजिओथेरपी विभागात "सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करून द्या" एवढं म्हटलं तरी समोरच्याला कळेल.

घरी दुसरी एक खूण पुरते. हात नसलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. जवळ कुणीतरी उभं असू द्या. ४ वेळा जमलं तर ४ लिहा. त्या ४ ची लाज वाटू देऊ नका. पुढच्या महिन्यात त्याच्याशीच तुलना करायची आहे, शेजारच्याशी नाही.

दमाचं माप सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही ० ते १० मध्ये विचारतो. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे याहून जास्त दम सहनच होणार नाही. व्यायामात ३-४ च्या आसपास राहायचं. जुन्या माणसांना मी आण्यांत विचारते. सोळा आणे म्हणजे जीव कासावीस, मग आता किती? पाच-सहा आण्यांवर आलं की वेग तिथेच धरायचा, वाढवायचा नाही. बायकांना सांगते, चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, कानबाईचं गाणं मात्र म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता येत असेल तर फार हळू चाललात. बोलताना वाक्य तुटत असेल तर फार जोरात.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र, लावताना बोटावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको आणि हात गार नकोत, नाहीतर आकडा चुकतो. लावल्याबरोबर दिसलेला आकडा धरू नका, थोडा वेळ स्थिर होऊ द्या. आणि दिवसभर बोटाला लावून बसू नका. मी घाबरलेली माणसं पाहिली आहेत, ती चालणं विसरून आकड्याकडेच बघत बसतात.

चालण्याआधी श्वास शिकून घ्या

दम लागल्यावर काय करायचं हे आधी हातात असेल तर माणूस चालायला धजावतो. म्हणून क्रम हाच ठेवा.

पहिलं, ओठांचा श्वास. नाकाने हळू श्वास घ्या, दोन अंकांपर्यंत. मग शीळ घालताना करतो तसे ओठ बारीक करून तोंडाने सोडा, चार अंकांपर्यंत. फुंकर जोरात नको. समोर दिवा असेल तर ज्योत हलावी, विझू नये, इतकीच. यामुळे श्वासनळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

दुसरं, बसण्याची ढब. दम लागला की आडवं पडायचं नाही. खुर्चीत पुढे झुकून कोपर मांड्यांवर टेकवा, खांदे सैल सोडा. रस्त्यात असाल तर भिंतीला, कठड्याला किंवा उभ्या गाडीला हात टेकून पुढे झुका. यात छातीच्या स्नायूंना आधार मिळतो.

तिसरं, वारा. चेहऱ्यावर, नाकाच्या आणि गालांच्या भागात हातपंख्याचा वारा घेतला की दम लागल्याची भावना कमी होते. ही नुसती समजूत नाही, तपासून पाहिलेला उपाय आहे. उन्हाळ्यात लाईट गेल्यावर काढतो तो पंखा उशाशी ठेवा, बॅटरीचा असला तरी चालेल.

बेडका सुटत नसेल तर खोकून खोकून छाती दुखवू नका. मधला श्वास घ्या आणि तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ सोडतो तसं "हाऽ" करून एक-दोनदा सोडा. मग बेडका वर आला की एकदाच खोका. आपल्याकडे केळीची आणि कपाशीची कामं केलेल्या पुरुषांना जोरात खोकण्यात ताकद वाटते, पण त्याने फक्त थकवा येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कुणाला वाईट वाटलं तरी. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणारे प्रकार टीव्हीवर बघून सुरू करू नका. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, बेडक्यातून रक्त येत असेल, मेंदूत किंवा बरगड्यांत आजार असेल तर जोराचे झटके घातक ठरू शकतात. शांत, खोल श्वासाला हरकत नाही.

चालणं : खांब मोजत

पहिल्या आठवड्याचं ध्येय लहान ठेवा. घरात ३ ते ५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. खाटेवरून ओट्यापर्यंत आणि परत, एवढंही पुष्कळ. मग ओट्यावरून बाहेर पडा. गावात विजेचे खांब मोजणं सगळ्यात सोपं. आज पहिल्या खांबापर्यंत जाऊन परत आलात, तर तीन-चार दिवस तेवढंच ठेवा. दम पाच आण्यांच्या आत राहायला लागला की दुसरा खांब. परत येण्याचं अंतरही मोजा. जाताना सगळी ताकद संपवून लांबच्या खांबाला टेकून बसलेली माणसं मी घरच्यांना मोटरसायकलवरून आणायला लावली आहेत.

पोहोचायचं कुठे? उपचार चालू असलेल्या लोकांसाठी साधारण शिफारस आहे ती अशी : मध्यम दमाचं चालणं आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी ३० मिनिटं, निदान ८ ते १२ आठवडे, आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. हे ३० मिनिटांचं ओझं पहिल्या दिवशी डोक्यावर घेऊ नका. १०-१० मिनिटांचे तीन तुकडे करा. ५ मिनिटं चालणं, २ मिनिटं बसणं, पुन्हा ५ मिनिटं असंही चालतं. फुप्फुसाच्या रुग्णाला तुकड्यांचं चालणं जास्त मानवतं.

चप्पल सोडून मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला. सिसप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी तळपाय बधिर होतात, मग चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही. अशा वेळी शेताच्या बांधावर, ढेकळांत चालणं बंद. सपाट जागाच धरा आणि रात्री पाय तपासा.

ताकद : बाटली आणि खुर्ची

जिमची गरज नाही. एक दिवसाआड, चार व्यायाम पुरे. खुर्चीवरून उठणं-बसणं, ८ ते १० वेळा. खिडकीचे गज धरून टाचा उचलणं, तितकंच. भिंतीला हात टेकवून जोर काढणं. आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वाकवणं. एक फेरी झाली की दोन मिनिटं बसा, मग दुसरी. जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. उठताना सोडा, बसताना घ्या. १५ वेळा सहज जमायला लागलं की बाटली १ लिटरची करा.

दुसऱ्या दिवशी अंग थोडं दुखलं तर हरकत नाही. पण दिवसभर उठवतच नसेल, तर काल जास्त झालं. पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका.

ऑपरेशन ठरलं असेल तर

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. बऱ्याच ऑपरेशनांत त्यातला एक भाग काढतात. ऑपरेशनाची तारीख आणि आजचा दिवस यांत दोन-तीन आठवडे असतात. पैसे जमवणं, मुंबईला राहायची सोय, महात्मा फुले योजनेची कागदपत्रं, यात घर बुडून जातं आणि रुग्ण खाटेवर बसून तारखेची वाट बघतो. तेच दोन-तीन आठवडे चालण्याचे आणि श्वासाच्या व्यायामाचे आहेत. ऑपरेशनाआधी असा सराव केलेल्या रुग्णांमध्ये नंतरचा न्यूमोनिया आणि फुप्फुसाच्या इतर तक्रारी निम्म्याच्या आसपास येतात, असं बऱ्याच अभ्यासांच्या एकत्र आढाव्यात दिसलं आहे, आणि दवाखान्यातला मुक्कामही कमी होतो. सरावासाठी ऑपरेशन पुढे मात्र ढकलू नका. बिडी-सिगारेट त्या दिवसापासून बंद, आणि हे घरातल्या बाकी ओढणाऱ्यांनाही लागू आहे.

तीन रंगीत बॉलचं यंत्र, स्पायरोमीटर, आधीच विकत घ्या आणि वापरायला शिका. त्यात फुंकायचं नसतं, हवा ओढायची असते. अर्धे लोक उलटं करतात. हळू ओढून बॉल वर ठेवायचा, दोन-तीन सेकंद धरायचा, सोडायचा. ऑपरेशननंतर जागे असाल तेव्हा दर तासाला १० वेळा. चक्कर आली तर मधे थांबा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला खुर्चीत बसवतील, चालवतील. घरच्यांनी तिथे "आज नको, उद्या" म्हणू नये. छातीतली नळी आणि तिची बाटली असली तरी चालता येतं, फक्त बाटली छातीच्या पातळीच्या खाली ठेवायची आणि उलटी होऊ द्यायची नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. दुखणं दाबून ठेवू नका, व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी मिळेल का ते विचारा. दुखतं म्हणून वरवर श्वास घेणाऱ्याच्याच फुप्फुसात कफ साचतो.

ऑपरेशनच्या बाजूचा खांदा विसरला जातो. माणूस हात अंगाशी धरून ठेवतो आणि दोन महिन्यांत तो जाम होतो. परवानगी मिळाली की रोज भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढत वर जा, जिथे ओढ बसेल तिथे खूण करा. पहिले सहा आठवडे, किंवा सर्जन सांगतील तोवर, भरलेली बादली, धान्याचं पोतं, नातवंड यातलं काही उचलायचं नाही. मोटरसायकलही नाही.

केमोच्या तीन आठवड्यांचं गणित

बऱ्याच केमोचं चक्र २१ दिवसांचं असतं, आणि प्रत्येक आठवड्याचा स्वभाव वेगळा असतो. पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकवा असतो. तेव्हा ध्येय एकच, दिवसा खाटेवर पडून राहायचं नाही. खुर्चीत बसा, घरात दर दोन तासांनी पाच मिनिटं फिरा. साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा चालणं सुरू ठेवा, पण गर्दीत नको. बाजार, लग्न, यात्रा, भरीत पार्टी हे पुढे. तिसऱ्या आठवड्यात अंगात जीव येतो. खांब वाढवायचा तो याच आठवड्यात. पुढचं सलाईन लागलं की थोडं मागे जाल, ते धरून चाला.

प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर वजनाचा व्यायाम थांबवा. २० हजारांच्या खाली गेल्या तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय फिरणंही नको. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर आधी त्यावर उपाय. आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर व्यायाम सोडाच, रात्र आहे, सकाळी बघू असंही म्हणू नका. पेशी कमी असताना ताप म्हणजे त्याच तासाला दवाखाना.

रेडिएशनमध्ये, म्हणजे लोक ज्याला शेक म्हणतात त्यात, थकवा हळूहळू चढतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाणवतो. रोज थोडं चालणं हाच त्यावरचा चांगला उपाय. धर्मशाळेत राहत असाल तर तिथला व्हरांडा वापरा. शेक संपल्यावर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप आणि वाढता दम दिसला तर "अशक्तपणा असेल" म्हणून घरी बसू नका. फुप्फुसाला सूज आलेली असू शकते आणि ती वेळेवर कळली तर औषधाने आटोक्यात येते. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती वापरणारा उपचार, आणि कर्करोगाच्या रोजच्या गोळ्यांवर असलेल्यांनीही हेच लक्षात ठेवायचं.

आपलं ऊन, आपली धूळ

एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा चालणं सकाळी सातच्या आत, नाहीतर घरातच. केमोमध्ये, त्यातही सिसप्लॅटिनमध्ये, अंगातलं पाणी कमी होणं किडनीला महागात पडतं. किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

महामार्गाच्या कडेने चालू नका, ट्रकांचा धूर सोसणारं फुप्फुस आता नाही. दिवाळीनंतर जिनिंगचा कापूस उडतो, नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या पडतात. तिथलं घर असेल तर त्या दिवसांत वाऱ्याची दिशा बघूनच बाहेर पडा. मिरचीचा खाट नाकात गेला तर नुसता खोकला येत नाही, ऑपरेशनची जखमही ओढली जाते. जळगावात असाल तर मेहरूण तलावाची सकाळ चांगली, सपाट आहे आणि बसायला जागा मिळते.

आणि चूल. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बायाही माझ्याकडे येतात. त्यांना कुणी "तुला कसा झाला?" असं विचारू नये, एवढी विनंती. त्यांच्यासाठी पहिला व्यायाम म्हणजे चुलीपासून दूर होणं. खापरावरचे मांडे आणि चुलीवरची भाकरी आता घरातलं दुसरं कुणीतरी करेल. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर चूल, देवघरातला दिवा, उदबत्ती, बिडी यांपैकी काहीही त्याच्याजवळ नको. मशीन असलेल्यांनीही व्यायाम करायचा असतो, नळी लावूनच.

खाणं, थोडक्यात

प्रथिनं नसतील तर व्यायामाने स्नायू बांधला जात नाही. ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा. आपली कळण्याची भाकरी यात कामाची, ज्वारीला उडदाची जोड मिळते. वरण, दही, अंडी, शेंगदाणे, पनीर हे दिवसभरात थोडं थोडं, सहा वेळा. पोट तुडुंब भरलं की छातीचा पडदा खाली जात नाही आणि दम वाढतो, म्हणून जेवल्यावर तासभर व्यायाम नको. पेशी कमी असताना कच्चं आणि उघड्यावरचं टाळा.

कुठे थांबायचं

चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, नाडी वेडीवाकडी पळायला लागली किंवा ऑक्सिजन ठरवलेल्या आकड्याखाली गेला, तर तिथेच बसा. पाच-दहा मिनिटांत ओसरलं नाही तर दवाखाना. बेडक्यातून ताजं रक्त, अचानक वाढलेला दम, एकाच पायाला सूज आणि दुखणं, चेहऱ्यावर आणि मानेवर सूज, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. कंबर किंवा पाठ नव्याने दुखायला लागली आणि त्यासोबत पाय लुळे पडू लागले, लघवी अडली किंवा सुटायला लागली, तर ते मणक्यातल्या दाबाचं लक्षण असू शकतं. त्यात तासांचाही फरक पडतो. मालिश करून बघू, हाडवैद्याला दाखवू, असं म्हणण्यात पाय गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

बरं होणार नाही असं सांगितलं असेल तर

तरीही व्यायाम असतो, फक्त ध्येय बदलतं. एका आजोबांना मी विचारलं, काय जमायला हवं? ते म्हणाले, मोरीत स्वतःच्या हाताने अंघोळ. मग आम्ही तेवढंच धरलं. मोरीत पक्कं स्टूल, बादली स्टुलाच्या उंचीवर, लहान तांब्या, अंघोळीआधी दहा मिनिटं आराम, वाकून पाय घासायच्या ऐवजी पाय मांडीवर घेऊन. डोक्यावरून पाणी घेताना श्वास सोडायचा. अंग पुसण्यात दम जातो म्हणून सुती टॉवेलचा गाऊन. तीन आठवड्यांत ते दाराला कडी न लावता, पण एकटे, अंघोळ करू लागले. सून दाराबाहेर उभी राहून विचारायची, "कसं शे आते, आबा?" आणि आतून उत्तर यायचं, "बरं शे."

वही

शंभर पानी वही घ्या. रोज पाच गोष्टी लिहा : किती मिनिटं किंवा किती खांब चाललात, दम किती आणे लागला, चालण्याआधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन, काय खाल्लं, आणि काही वेगळं वाटलं का. आठवड्यातून एकदा वजन, महिन्यातून एकदा खुर्चीची चाचणी. ज्या दिवशी काहीच केलं नाही, त्या दिवशी कारण लिहा. नातवाला लिहायला बसवलं तर एकही दिवस चुकत नाही.

मुंबईला, नाशिकला किंवा सुरतेला तपासणीला जाताना गाडीच्या वेळेआधी तासभर स्टेशनवर पोहोचा, म्हणजे पुलावर धावपळ होणार नाही. लिफ्ट असेल तर लिफ्ट. जिना चढावाच लागला तर दोन पायऱ्या, एक थांबा, पायरी चढताना श्वास सोडत. उपचारासाठीच्या प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वे भाड्यात सवलत देते, त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या. आणि ती वही स्कॅनच्या पिशवीत खाली टाकू नका, सगळ्यात वर ठेवा. डॉक्टरांना दोन मिनिटंच वेळ असतो, त्यात त्यांनी ती उघडली पाहिजे.